वज्र, नवस आणि सुरुंग
शस्त्राला भारणाऱ्या मंत्राचा भिवंडी-वसई परिसरातील मागोवा

१. मूठ

तलवार जिथे धरायची ती मूठ. आणि वैऱ्यावर मंत्र घालून जी ‘मारतात’ तीही मूठच. पहिली शिकलगाराने बसवायची, दुसरी मांत्रिकाने सोडायची. कोकणपट्टीत या दुसऱ्या मुठीच्या ज्या गोष्टी सांगतात, त्या नीट ऐकल्या तर एखाद्या अस्त्राचेच वर्णन चालले आहे असे वाटते. मूठ सुटते, हवेतून जाते, नेमक्या माणसाला गाठते. आणि समोरचा भारी निघाला तर उलटते आणि सोडणाऱ्याच्याच मुळावर येते. ‘मूठ उलटणे’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. अशा प्रकारांच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला आणि छळाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने २०१३ साली केला, तो आवश्यकच होता. पण कायद्याने प्रथा थांबते, शब्द मागे राहतात, आणि शब्दांत जुनी समज साठलेली असते.

ती समज काय आहे, हा या लेखाचा विषय. शस्त्रावर मंत्र घातला म्हणजे आपल्या पूर्वजांच्या मते नेमके काय केले? धार वाढवली, की धारेवर काही अट घातली? मी इतिहासाची पदवी घेतलेला माणूस नाही. टेमघरला राहतो, आणि गेली पंचवीसेक वर्षे बखरी, गॅझेटियर, पत्रसंग्रह जसे हाती लागतील तसे वाचत आलो आहे. या प्रश्नाने मला ग्रंथांत फिरवले खरे, पण शेवटी उत्तराची वाट आमच्याच तालुक्यातून गेली. ज्या देवीच्या नावातच शस्त्र आहे ती वज्रेश्वरी भिवंडी तालुक्यातली. तिला नवस बोलून जी लढाई जिंकली असे सांगतात, ती वसईची लढाई शेजारची. आणि त्या लढाईची पहिली हाक दिली ते गंगाजी नाईकही भिवंडीजवळच्या अंजूरचे.

२. सोडणे आणि परत घेणे

शस्त्राला मंत्राने धार लावण्याची कल्पना फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातले पंचाहत्तरावे सूक्त सबंध युद्धसाहित्यावर आहे. चिलखत, धनुष्य, प्रत्यंचा, भाता, सारथी, घोडे, चाबूक, एकेकाला उद्देशून ऋचा आहेत. त्यात बाणाला ‘ब्रह्मसंशित’ असे विशेषण आले आहे. ब्रह्म म्हणजे इथे मंत्र, आणि संशित म्हणजे पाजळलेला. मंत्राच्या सहाणेवर घासलेला बाण. अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडात, परंपरेने वसिष्ठाच्या नावावर असलेल्या एका सूक्तात पुरोहित याच्याही पुढे जातो. ज्यांचा मी पुरोहित आहे त्यांची शस्त्रे परशूहून, अग्नीहून, खुद्द इंद्राच्या वज्राहून तीक्ष्ण होवोत, असा त्याचा आशय आहे. वसिष्ठ आणि वज्र ही दोन नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत. ती पुढे पुन्हा भेटणार आहेत.

पुढच्या काळात शस्त्र आणि अस्त्र असा भेद स्थिरावला. हातात धरून मारायचे ते शस्त्र, फेकायचे ते अस्त्र. आणि महाकाव्यांत अस्त्र म्हटले की मंत्राने सोडलेले हे बहुधा गृहीतच असते. अग्निपुराणातल्या धनुर्वेदाच्या अध्यायांत आयुधांचे वर्ग दिले आहेत: यंत्राने सुटणारे, हाताने सुटणारे, न सोडता वापरायचे, आणि ‘मुक्तसंधारित’, म्हणजे सोडून पुन्हा हाती घ्यायचे. हा शेवटचा वर्ग छोटा आहे, पण माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली त्यात आहे.

रामायणाच्या बालकांडात विश्वामित्र रामाला अस्त्रे देतो, हा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. त्यानंतरचा सर्ग सहसा कोणी सांगत नाही. अस्त्रे मिळाल्यावर राम स्वतःहून म्हणतो, आता मला यांचा संहार शिकवा. संहार म्हणजे इथे नाश नव्हे, तर सोडलेले परत आवरून घेणे. विश्वामित्र तेही मंत्र देतो. लक्षात घ्या, अजून एकही मोठे युद्ध झालेले नाही. वापरण्याची वेळ येण्याआधीच परतीची विद्या मागितली गेली आहे.

ज्याच्याकडे ती नसते त्याचे काय होते, हे महाभारताने सौप्तिकपर्वात दाखवले. अश्वत्थाम्यापाशी त्या क्षणी धड शस्त्रही नाही. तो गवताची काडी उचलतो आणि तिच्यावर ब्रह्मशिर अस्त्राचा मंत्र घालतो. अर्जुनही तेच अस्त्र सोडतो. दोन अस्त्रांच्या मध्ये नारद आणि व्यास येऊन उभे राहतात आणि आवरा म्हणून सांगतात. अर्जुन आवरतो. अश्वत्थाम्याला आवरता येत नाही. त्याला फक्त दिशा बदलता येते, आणि तो ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. मंत्र दोघांनाही येत होता. पण अर्ध्या विद्येची किंमत अजून जन्मालाही न आलेल्यांनी मोजली. द्रोणपर्वातल्या नारायणास्त्राला तर एकच उतारा होता: सर्वांनी शस्त्रे खाली ठेवून रथातून उतरायचे. भीमाने ऐकले नाही, आणि त्याला ओढून खाली आणावे लागले.

हे सगळे जुनेपुराणे वाटू नये म्हणून एक आजचे उदाहरण देतो. आमच्या भागातल्या नव्या इमारतींतली मुले सुटीच्या दिवशी टेबलाभोवती बसून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ खेळतात. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो आणला. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे, फासे टाकायचे आणि सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. या खेळात तलवारीवर मंत्र घालता येतो. ‘मॅजिक वेपन’ या मंत्राने साधे पाते काही काळ जादूचे होते, नेम आणि मार दोन्ही वाढतात. ‘ग्रीन-फ्लेम ब्लेड’ या दुसऱ्या मंत्रात घाव एकावर बसतो आणि हिरवी ज्वाला उडून शेजारच्यालाही लागते. खेळाच्या मूळ नियमांत पाठ केलेला मंत्र एकदा वापरला की आठवणीतून पुसला जाई. ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातून घेतलेली. आपल्याला इथे कर्ण आठवल्यावाचून राहत नाही. ऐन वेळी विद्या विसरण्याचा शापही त्यालाच, आणि एकदाच वापरून इंद्राकडे परत जाणारी शक्तीही त्याचीच. मर्यादा दोन्हीकडे आहे. फरक असा की खेळात मर्यादा घातली आहे ती डाव बरोबरीचा राहावा म्हणून, आणि महाभारतात ती वापरणाऱ्याच्या वागण्याशी बांधली आहे.

३. पाते परदेशी, देवी आपली

आता इतिहासकाळाकडे येऊ. सतराव्या शतकात मराठी हातांतल्या बऱ्याच उत्तम तलवारी ‘फिरंग’ किंवा ‘फिरंगी’ म्हणवल्या जात. पाते युरोपातून आलेले, मूठ इथली. ही पाती येताना स्वतःची जादू घेऊन आली होती, याकडे आपले लक्ष जात नाही. जर्मनीतल्या पासाऊ आणि नंतर झोलिंगेनच्या कारागिरांच्या पात्यांवर धावत्या लांडग्याचे चिन्ह असे, आणि त्या चिन्हाने धारण करणाऱ्याला जखम होत नाही असा तिकडच्या शिपायांचा समज होता. पासाऊच्या नावाने मंत्र लिहिलेल्या कागदाच्या चिठ्ठ्याही शिपाई जवळ बाळगत, काही जण गिळत. इकडे दख्खनच्या सुलतानांच्या शस्त्रांवर आणि चिलखतांवर कुराणातल्या आयती कोरलेल्या असत. म्हणजे एकाच रणांगणावर लांडगा, आयत आणि भवानी अशा तिघांच्या भरवशाने माणसे उभी असत. शस्त्र भारण्याची गरज कोणत्या एका धर्माची नव्हती. मरणासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाची ती गरज होती.

शिवाजीमहाराजांच्या तलवारीबद्दल महाराष्ट्राला जे वाटते ते इथे सांगायला नको. पण त्या श्रद्धेचा प्रवास पाहण्यासारखा आहे. कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हे महाराजांच्या हयातीतले संस्कृत काव्य. त्यात अफझलखान प्रकरणात देवी महाराजांना दर्शन देते आणि त्यांच्या तलवारीशी तिचे नाते जोडले जाते. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीतही देवी अभय देते. मात्र प्रत्यक्ष झटापटीत तिथे दिसतात ती वाघनख आणि बिचवा. परंपरेत अशीही एक हकीकत आहे की भवानी तलवार म्हणजे सावंतांकडून ३०० होनांना घेतलेली फिरंग. आणि लोकांच्या मनात शेवटी रुजली ती गोष्ट वेगळीच: देवीने प्रकट होऊन हातात तलवार दिली.

हा बदल बारीक आहे, पण परिणाम मोठा. जुन्या वर्णनांत देवी पाठीशी असते ती माणसाच्या. तिचे असणे त्याच्या कार्यावर अवलंबून. नंतरच्या गोष्टीत सामर्थ्य वस्तूत उतरते. मग ती वस्तू कुठे आहे हा प्रश्न सुरू होतो. साताऱ्यात भवानी तलवार म्हणून पूजली जाणारी तलवार आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून १८७५-७६ च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजाला गेलेली ‘जगदंबा’ तलवार तिकडच्या राजसंग्रहात आहे. मुख्यमंत्री असताना बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी १९८० मध्ये भवानी तलवार परत आणण्याचा विषय गाजवला होता. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे काही काळासाठी साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हाही ती खरी कोणती यावर वाद झडले. वस्तू परत यावी हे योग्यच. पण वस्तू म्हणजेच शक्ती असे मानले की ती वापरणाऱ्याने पाळलेली अट विसरली जाते.

४. देवीने गिळलेले वज्र

भिवंडीहून वाडा रस्त्याने अंबाडीला जावे आणि तिथून वळावे, की तानसा नदीच्या खोऱ्यात वज्रेश्वरी लागते. गावाचे जुने नाव वडवली. मंदाग्नी किंवा मंदगिरी म्हणतात त्या टेकडीच्या पायथ्याशी कोटवजा भिंतीतले देऊळ आहे. ५२ पायऱ्या चढून जायच्या. त्यांतल्या एका पायरीवर सोनेरी कासव. नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांचा. गाभाऱ्यातल्या देवीच्या हातांत तलवार आणि गदा. जवळच अकलोली आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे. रविवारी मुंबईहून येणारी गर्दी कुंडांत न्हाते, देवीला नारळ देते, आणि जेवून परतते.

देवीची कथा स्थानमाहात्म्यात सांगितली जाते ती अशी. दैत्यांच्या त्रासाने गांजलेल्या ऋषींनी वसिष्ठांच्या पुढाकाराने चंडीचा यज्ञ मांडला. त्यात इंद्राला हविर्भाग दिला गेला नाही. संतापून इंद्राने यज्ञावर वज्र फेकले. भ्यालेल्या ऋषींनी देवीचा धावा केला. ती प्रकटली आणि वज्र तिने गिळून टाकले. कथेच्या दुसऱ्या रूपात ती त्या वज्रातूनच बाहेर आली. मग तिने दैत्य मारले आणि तिला वज्रेश्वरी हे नाव मिळाले.

वर सांगितलेले अथर्ववेदाचे सूक्त इथे आठवावे. तिथे वसिष्ठाचा मंत्र आपल्या बाजूची शस्त्रे वज्राहून तीक्ष्ण करू पाहतो. इथे त्याच वसिष्ठाच्या यज्ञावर वज्र येते, आणि त्याला उत्तर म्हणून दुसरे, अधिक मोठे वज्र निघत नाही. देवी ते पोटात घेते. मानापमानातून, एका चुकलेल्या हविर्भागावरून सुटलेले शस्त्र तिथेच थांबते. आणि हे वज्र मुळात कशाचे? दधीचीने स्वखुशीने दिलेल्या हाडांचे. ज्या शस्त्राचा जन्म त्यागातून, ते रागातून सुटल्यावर ज्या जागी आवरले गेले ती ही जागा, असा या कथेचा अर्थ मला लागतो. आमच्या तालुक्याच्या देवीचा पराक्रम म्हणून दैत्यवध सांगितला जातो. मला वाटते, वज्र गिळणे हा तिचा पहिला आणि अधिक अवघड पराक्रम आहे.

५. नवस आणि सुरुंग

वसई पोर्तुगीजांकडे आली ती १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाबरोबर झालेल्या तहाने. त्यानंतर दोनशे वर्षे वसई ही त्यांच्या उत्तर फिरंगाणाची राजधानी होती. अठराव्या शतकात साष्टी-वसईच्या रयतेची गाऱ्हाणी पुण्याला पोहोचवण्यात अंजूरच्या नाईक घराण्याचा मोठा वाटा होता. गंगाजी नाईक आणि त्यांच्या भावांची ही खटपट ‘साष्टीच्या बखरी’त सविस्तर आली आहे. मार्च १७३७ मध्ये ठाणे पडले. वसई मात्र दोन वर्षांहून अधिक काळ झुंजत राहिली.

परंपरा सांगते की चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला: वसई आली तर देऊळ बांधीन. देवीने स्वप्नात येऊन किल्ला घेण्याची युक्ती सांगितली. किल्ला पडला, आणि अप्पांच्या आज्ञेने शंकर केशव फडके यांनी देऊळ उभारले.

आता लढाईची कागदोपत्री हकीकत पाहू. १७३९ च्या फेब्रुवारीत अप्पा स्वतः वसईसमोर आले. तीन बाजूंना पाणी आणि दलदल, फक्त एका बाजूने जमीन. त्या बाजूला सेंट सेबॅस्तियनचा बुरूज. तोफांनी तट फुटेना, म्हणून भुयारे खणून तटाखाली सुरुंग भरायचे ठरले. किल्ल्यातून गोळ्या, तेलात भिजवलेले जळते बोळे आणि दगड यांचा मारा होत असताना माणसे जमिनीखाली पुढे सरकत होती. पोर्तुगीज सेनापती मार्तिन्यु दा सिल्वैरा वेढ्यात मारला गेला, तरी त्याच्या जागी आलेल्या कायतानु द सौझा परैरा याने किल्ला सोडला नाही. मे महिन्यात सुरुंग उडाले. त्यांतला एक वेळेवर उडाला नाही. भगदाडातून मराठे आत घुसत असताना तो मागाहून उडाला आणि आपलीच शेकडो माणसे त्यात गेली. १६ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांनी शरणागतीचा तह केला. मराठ्यांचे मेलेले आणि जखमी मिळून सुमारे ५,००० आणि पोर्तुगीजांचे ८०० असा आकडा इतिहासग्रंथांत येतो.

म्हणजे वसई घेतली ती खणणाऱ्यांनी. पहारी, टोपल्या, दारूचे बुधले आणि वाती सांभाळणाऱ्यांनी. एकाची सहा माणसे पडली तरी पुन्हा भगदाडाकडे वळणाऱ्यांनी. स्वप्नाच्या गोष्टीत या माणसांना जागा नाही. युक्ती देवीने सांगितली म्हटले की भुयारात गुदमरलेल्याचे नाव विचारायचे कारण उरत नाही. दंतकथेचा हा खरा तोटा आहे, आणि इतिहास लिहिणाऱ्याने तो स्पष्ट सांगितला पाहिजे.

मग नवस टाकून द्यायचा का? मला तसे वाटत नाही. नवस आणि मंत्र यांत एक भेद आहे. मंत्र येतो त्याला तो सोडता येतो, पुढे त्याचे कोणाशी देणेघेणे राहत नाही. नवस बोलणारा मात्र जिंकल्यावर ऋणी होतो. विजय मिळाला की त्याच्या डोक्यावर काम येते. त्या काळच्या माणसांना हे देण्याघेण्याचे अंग चांगले उमगत होते. पेशव्यांचे गुरू धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी आशीर्वाद देत आणि कर्जही देत; दोन्हींची आठवण करून द्यायला ते चुकत नसत. बाजीराव-चिमाजींच्या मोहिमांमागे असा आशीर्वादाचा आणि रोख्यांचा दुहेरी ताळेबंद होता. वज्रेश्वरीचे देऊळ हे त्याच हिशोबातले फेडलेले एक कलम आहे.

पण वसईच्या लढाईतला सर्वांत मोठा मंत्र माझ्या मते तहाच्या कलमांत आहे. ५,००० माणसे खर्ची पडल्यावर जिंकणाऱ्याच्या मनात काय असेल याची कल्पना करा. अशा वेळी चिमाजीअप्पांनी शरण आलेल्या फौजेला हत्यारांसह, वाजतगाजत, निशाणे फडकवत बाहेर पडू दिले. काही तोफाही नेऊ दिल्या. निघून जायला आठवडाभराची मुदत दिली, आणि ती पाळली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक आणि ठरावीक चर्चे चालू ठेवण्याची परवानगी तहातच लिहून दिली. वसईत आजही नांदणारी ख्रिस्ती गावे, त्यांची सामवेदी आणि वाडवळी बोली पाहिली की त्या कलमांचे मोल कळते. सुटलेले अस्त्र आवरून घेणे म्हणतात ते हेच. अर्जुनाला जे जमले आणि अश्वत्थाम्याला जमले नाही, ते अप्पांनी १६ मेच्या कागदावर करून दाखवले.

६. घंटा

उत्तर फिरंगाणातून मराठ्यांनी पुष्कळ चर्चच्या घंटा आणल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली १७२१ सालची घंटा सर्वांना माहीत आहे. ते देऊळ १७४७ चे. भीमाशंकरला १७२९ सालची आहे, वाईजवळच्या मेणवलीत १७०७ सालची. कॅथलिक प्रथेत घंटा टांगण्याआधी विधिपूर्वक आशीर्वादित करतात. तिला नाव देतात, तेल लावतात. तिच्या नादाने वादळ आणि सैतान पळतो अशी जुनी श्रद्धा होती. म्हणजे या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या त्या आधीच मंत्र घातलेल्या होत्या.

घंटेचा धातू आणि तोफेचा धातू जवळजवळ एकच, तांबे आणि कथील. युरोपात युद्धाच्या काळात चर्चच्या घंटा उतरवून तोफा ओतल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. तोफांची चणचण मराठ्यांनाही होतीच. तरी यातल्या कितीतरी घंटा घंटाच राहिल्या. त्यांच्यावरचे साल, क्रूस, अक्षरे कोणी घासून काढली नाहीत. दुसऱ्या देवासाठी ओतलेली घंटा आपल्या देवापुढे वाजवायला कोणाला संकोच वाटला नाही. यात जिंकल्याची मिरवणूक आहे, हे मान्यच करावे लागेल. ज्यांच्या चर्चमधून त्या गेल्या त्यांच्या मनात ती लूटच होती. पण लुटीचाही काय उपयोग करायचा हे माणसे ठरवतात. इथे त्यांनी नादाला नादच राहू दिले.

७. शमीवरची शस्त्रे

खंडेनवमीला आपण शस्त्रे पुजतो. आमच्या टेमघर-कामतघर भागात त्या दिवशी यंत्रमागांना झेंडूची माळ पडते, ट्रकच्या बॉनेटला हळदकुंकू लागते, पाण्याच्या पंपापुढे नारळ फुटतो. ज्याने पोट भरते ते आयुध, असा साधा हिशोब. जेजुरीला दसऱ्याच्या उत्सवात तरणी मुले मणभराहून जड खंडा एका हाताने तोलून धरतात, तीही खंडोबाच्या शस्त्राची सेवाच. या पूजेच्या दिवशी हत्यार बंद असते. माग त्या दिवशी चालत नाही. दसऱ्याच्या कथेतही पांडवांची शस्त्रे वर्षभर शमीवर होती, प्रेतासारखी बांधून, कोणी हात लावू नये म्हणून. बारा महिन्यांतल्या ज्या दिवशी शस्त्राला सर्वांत जास्त मान, त्या दिवशी ते वापरायचे नाही, हा नियम कोणी तरी विचारपूर्वक घातला असावा.

हे लिहिताना मी कोणत्या गावात बसून लिहितो आहे याचा विसर पडू शकत नाही. भिवंडीने १९७० च्या मे महिन्यात आणि पुन्हा १९८४ च्या मे महिन्यात दंगल पाहिली. १९७० च्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. तिची सुरुवात शिवजयंतीच्या मिरवणुकीपासून झाली होती. ज्यांच्या नावाने तलवार पुजायची, त्यांच्याच उत्सवाच्या दिवशी शेजाऱ्याचे घर पेटले. एकावर घाव आणि शेजारच्यावर ज्वाला, हा खेळातला मंत्र आमच्या गल्ल्यांनी खराच भोगला आहे. सोडण्याचा मंत्र त्या दिवशी पुष्कळांना येत होता. आवरण्याचा कोणाला येत नव्हता.

१९८४ नंतर मात्र या शहराने काहीतरी शिकून घेतले. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ च्या सुमारास भिवंडीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रत्येक वस्तीत दोन्ही समाजांची साधी माणसे, एक पोलीस, आणि ठरलेली बैठक. विषय बहुतेक वेळा गटाराचे, नळाचे, भाड्याच्या भांडणाचे. अशा बैठकांना कोणी इतिहास म्हणणार नाही. पण १९९२ च्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. अफवा इथेही आल्या होत्या. मात्र त्या घेऊन येणाऱ्याला दारात अडवणारा माणूस ओळखीचा होता, आणि ती ओळख चार वर्षे आधी, गटाराच्या तक्रारीवर चर्चा करताना झालेली होती.

बालकांडातल्या रामाने अस्त्रे हाती येताच संहाराचे मंत्र मागून घेतले, ते मला या समित्यांमुळे नीट समजले. आवरण्याची विद्या ऐन वेळी सुचत नाही; शांततेच्या दिवसांत ती पाठ करावी लागते. वसईला ती चिमाजीअप्पांच्या तहात दिसते, वडवलीला देवीने गिळलेल्या वज्रात, आणि भिवंडीत वस्तीच्या समितीच्या नोंदवहीत. आमच्याकडच्या दुकानांत आता दसऱ्याच्या आधी शोभेच्या तलवारी विकायला येतात. शाळकरी मुले त्या घेऊन फोटो काढतात, आणि त्यात वावगे काही नाही. त्या मुलांना भवानी तलवारीची गोष्ट सांगणारे पुष्कळ आहेत. वसईच्या तहात काय लिहिले होते, हेही कोणी तरी त्यांना सांगायला हवे.